टेबलावर फिरणारी मोटर चौकटीवर बंद का पडते : हॅलोवीनच्या उडत्या भुताचा अनुभव

अंगणात तरंगत हात हलवणाऱ्या भुताला सामान थोडंच लागतं: गाडीची जुनी वायपर मोटर, जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, काळी फिशिंग लाइन, थर्माकोलचं डोकं आणि चीजक्लॉथ, म्हणजे विरळ विणीचं सुती कापड. इथे न्यू जर्सीत आमच्या गल्लीत ३१ ऑक्टोबरला अंधार पडायच्या आधीच मुलं कँडी मागायला बाहेर पडतात, त्याआधी सगळं उभं व्हायला हवं होतं. चौकट, भूत आणि दोऱ्या एका शनिवारात झाल्या. पुढचे चार दिवस एकाच गोष्टीपायी गेले, आणि मी वाचलेल्या एकाही कृतीत तिचा उल्लेख नव्हता. म्हणून मुद्दाम लिहितेय.

रचना आधी सांगते. मोटरच्या शाफ्टवर ५ इंचांची पट्टी, म्हणजे क्रँक. तिच्या टोकाच्या बोल्टला तीन दोऱ्या, एक डोक्याची आणि दोन मनगटांच्या. चौकटीवर क्रँकच्या भोवती तीन दिशांना तीन कप्प्या लावायच्या आणि दोऱ्या त्यांवरून खाली सोडायच्या. क्रँक ज्या कप्पीपासून लांब जातो तिची दोरी वर ओढली जाते, जिच्याजवळ येतो तिची खाली सुटते. त्यामुळे डोकं, एक हात, मग दुसरा हात असे पाळीपाळीने उचलले जातात आणि भूत हवेत पोहल्यासारखं दिसतं. गणपतीच्या हलत्या देखाव्यात मूर्तीचा हात वरखाली करणारा क्रँक असतो, त्याच जातीचं हे काम. फरक एवढाच की तिथे सळई ढकलतेही, इथे दोरी नुसती ओढते. खाली येणं भुताच्या वजनावर, म्हणून मनगटं अगदीच हलकी असतील तर आत दोन-तीन वॉशर बांधा.

वायपर मोटरला कमी आणि जास्त वेगाच्या वेगळ्या तारा असतात. १२ व्होल्टवर ती कमी वेगाच्या तारेवरही मिनिटाला चाळीसेक फेरे मारते. भुताला ते फार झालं. ५ व्होल्टवर वेग निम्म्याहून खाली येतो, तो बरोबर वाटतो. पॉवर सप्लायच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेला जोडली की सप्लाय सुरू होतो. लाल म्हणजे ५ व्होल्ट, पिवळी १२, काळी ऋण.

आता अडलं कुठे ते. शाफ्टच्या टोकाकडून पाहिलं तर मोटर घड्याळाच्या दिशेने फिरत होती. ओझ्यामुळे पट्टी शाफ्टच्या किंचित मागे रेंगाळते आणि या दिशेत नटला सैल बाजूला ओढते. दर दहा मिनिटांनी नट ढिला. सगळीकडे एकच सल्ला: मोटरच्या धन-ऋण दोन तारा उलट करा, मोटर उलटी फिरेल. केल्या. टेबलावर मोटर उलटी फिरली, छान फिरली. चौकटीवर बोल्ट आवळून बटण दाबलं, तर सप्लायचा पंखा एक गिरकी घेऊन थांबला. पुन्हा दाबलं, काहीच नाही.

ओझं जास्त झालं असं धरून मी भूत काढलं, मग दोऱ्या काढल्या, मग क्रँकही काढला. तरीही बंदच. दुसरा सप्लाय आणला, त्याचंही तेच झालं.

कारण असं: पुष्कळ वायपर मोटरींचं धातूचं अंग हेच त्यांचं ऋण टोक असतं, कारण गाडीत ते बॉडीला जोडलेलं असतं. तारा उलट केल्या की ते अख्खं अंग धन होतं. कॉम्प्युटरच्या सप्लायची काळी तार मात्र आतून त्याच्या धातूच्या पेटीला जोडलेली असते. मोटर आणि पेटी दोन्ही एकाच अॅल्युमिनियमच्या चौकटीवर आवळल्या, म्हणजे चौकटीतून थेट शॉर्ट सर्किट. टेबल लाकडी, म्हणून तिथे काही होत नव्हतं. सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतो आणि एकदा बंद पडला की बऱ्याचदा भिंतीतून प्लग काढून मिनिटभर थांबल्याशिवाय उठत नाही. त्यामुळे तो जळाला असं वाटतं. पहिला सप्लाय चांगला होता; मी तो फेकणार होते.

तपासणी दोन मिनिटांची आहे. मोटर लाकडावर ठेवून चालवा आणि मल्टीमीटरने मोटरचं अंग व काळी तार यांमधले व्होल्ट मोजा. शून्य आलं तर खुशाल चौकटीवर बसवा. ५ आले तर अंग जिवंत आहे. दोन टोकं जोडलेली असली की वाजणाऱ्या मीटरच्या बझरवर विसंबू नका. मोटरच्या गुंडाळीचा रोध इतका कमी असतो की कुठलीही तार अंगाला लावली तरी तो वाजू शकतो.

उपाय दोन. मोटर प्लायवूडच्या तुकड्यावर बसवून तो तुकडा चौकटीला लावायचा, मोटरचे आणि चौकटीचे बोल्ट एकमेकांना न लागू देता. किंवा, आणि मी हेच केलं, तारा होत्या तशा सरळ करायच्या आणि नटचं दुखणं नटपाशीच मिटवायचं: शाफ्ट स्पिरिटने पुसून, लॉक्टाइटचा (नटाचे आटे पक्के धरणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब टाकून घट्ट आवळायचा. आवळताना पट्टी पक्कडीने धरा. नाहीतर सगळा जोर आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरवर येतो आणि दात तुटतात.

लाल तारेवर साडेसात अँपिअरचा फ्यूज हवाच. क्रँकच्या बोल्टवर दोऱ्या थेट बांधल्या तर दर फेऱ्याला पीळ बसतो, म्हणून मोकळी फिरणारी कडी किंवा मासेमारीचा स्विव्हल घाला. चीजक्लॉथ आधी कपड्यांच्या पावडरीच्या दाट पाण्यात बुडवून न खंगाळता वाळवा, ब्लॅकलाइटखाली, म्हणजे अतिनील दिव्याखाली, निळसर चमकतो. चौकट मुलांच्या हाताला न लागेल इतकी उंच, आणि सप्लाय पावसाआड पण हवेशीर पेटीत.

३१ तारखेला साडेपाच ते साडेनऊ मोटर सलग चालली. बंद केल्यावर हात लावला तर कोमट होती, आणि नट जिथे आवळला होता तिथेच.