भावनांचे मार्क

नर्सिंगच्या माझ्या विद्यार्थिनींनी जर्नल एआयकडून लिहून घेतलं. फसवलं गेल्याची चीड नाही. एकमेकींचे केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या देखभालीचे आराखडे, उतरवणं पूर्वीपासूनच चालत आलंय. चीड आहे ती वाचताना माझे डोळे भरून आले याची.

वॉर्डमधला पहिला मृत्यू पाहिल्यावर लिहायचं ते रिफ्लेक्टिव्ह जर्नल, म्हणजे स्वतःच्या अनुभवावर विचार करून केलेलं लेखन. 'मॉनिटरवरची रेषा सपाट झाली आणि माझ्या आत काहीतरी थांबलं.' स्टाफरूममध्ये मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. थोड्या वेळाने दुसऱ्या वहीत तीच रेषा, तसंच काहीतरी थांबलेलं. त्या पेशंटला मॉनिटर लावलेलाच नव्हता! जनरल वॉर्ड होता तो. छातीकडे बघत मिनिटभर श्वास मोजायचे, बस. (चार्टवर मात्र दर वेळी २०, २०, २०. ते काही यंत्राने लिहिलेलं नाही. जाऊ दे, तो विषय आज नको.)

सगळे म्हणतात, मजकूर यंत्राने लिहिलाय का ते तपासणारं सॉफ्टवेअर लावा. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनेच आपलं तसलं साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं, अचूकता कमी म्हणून. आणि कुणाला पकडायचंय? मला माझं रडू परत हवंय. इतकी वर्षं या कामात काढून मला रडवलं कुणी, तर जे कधी कुणाच्या उशाशी बसलेलं नाही त्याने. मुलींना माझ्यापुढे लिहावंसंही वाटत नाही...

ते जर्नल देणाऱ्या मुलीला बोलावलं. खाली मान घालून, पण स्पष्ट म्हणाली, "मॅडम, मला काहीच वाटलं नव्हतं. भूक लागली होती. मग काय लिहू?"

यावर काय बोलणार? असं जर्नल ज्या साच्यात लिहायचं ते गिब्जचं चक्र १९८८ चं, सहा पायऱ्यांचं, आणि दुसरी पायरी 'भावना'. आम्ही त्या पायरीला मार्क ठेवलेत. ज्याला मार्क आहेत ते कुठून तरी पैदा होणारच. मला स्वतःला पहिल्या वेळी काय वाटलं होतं? बॉडीवरचं लेबल नीट लागलंय ना, एवढंच आठवतंय. बाकी सगळं नंतर आलं, बरंच नंतर.

त्या जर्नलपेक्षा हिची भूक मला जास्त खरी वाटली, आणि तिच्यावर रडूही आलं नाही. छान! म्हणजे रडवण्याचं काम आता यंत्राकडे.

"हेच लिही," मी म्हटलं.

"भुकेचं?"

"भुकेचं."

ती जरा घुटमळली. मग विचारते, "मॅडम, किती शब्दांत?"