तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं शिकून पाण्याच्या बाटल्या का भरत फिरता?

गावात गेले की कुणीतरी विचारतंच, लग्नाकार्यातही विचारतात, मॅडम पीएचडी केलीत आणि हापशीच्या बाटल्या काय भरत फिरता? म्हणून आज नीट सांगते.

माझं संशोधन पर्यावरण आणि आरोग्यावर, त्यातही पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कितीतरी गावांत ते खडकातूनच पाण्यात उतरतं, बोअर खोल गेली की बऱ्याचदा जास्तच. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्यावरचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर डाग पडतात, पुढे सांधे आणि पाठ आखडते. आणि पाणी दिसायला अगदी नितळ, उकळून उपयोग नाही, आटून उलट प्रमाण वाढतं.

एका शाळेत पाचवीतली एक मुलगी तोंडावर हात ठेवूनच हसायची. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे. आईला वाटायचं पोरगी दात घासत नाही, म्हणून राखेनं घासून घासून हिरड्या सोलवटल्या होत्या, पण तो डाग दात हिरडीत तयार होत असतानाच पडलेला, तो घासून कसा जाणार? हे त्या माऊलीला सांगताना माझाच आवाज फुटेना.

या कामासाठी काय शिकावं म्हणाल तर केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, आणि लोकांच्या ओसरीवर निवांत बसता आलं पाहिजे. पाण्याच्या नमुन्याची बाटली प्लास्टिकचीच घ्यायची, काचेशी फ्लोराइडची रिॲक्शन होऊ शकते, आधी हापशी चांगली हापसायची, त्याच पाण्यानं बाटली विसळायची, मग भरायची. पाण्यातलं फ्लोराइड कमी करायला नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत काढली, ती बादलीतही जमते, पण रोज मापानं तुरटी घालणार कोण आणि खालचा गाळ टाकणार कुठे, हे ठरलेलं नसलं की चार महिन्यांत सगळं बंद पडतं. याचा मला फार त्रास होतो.

त्या मुलीच्या गावात हापशीला धोक्याचा लाल रंग दिला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "हे पिऊ नका म्हणता, मग प्यावं काय ते बी सांगा ना बाई." तेव्हापासून मी बोअरसोबत गावातल्या जुन्या विहिरीही तपासते. तिथल्या देवळामागच्या विहिरीत फ्लोराइड १ च्या खाली निघालं, लोकांनी गाळ उपसला.

त्या मुलीचा धाकटा भाऊ तेव्हा दीड वर्षाचा होता, तो त्याच विहिरीच्या पाण्यावर वाढला. यंदा त्याचे पुढचे दोन पक्के दात आले, आईनं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, पांढरे स्वच्छ.