विंचीची वाट एम्पोलीत अडते

इटलीतल्या फ्लॉरेन्सहून विंचीला जाणे सोपे आहे असे जो तो सांगतो, आणि एम्पोलीपर्यंत ते खरेही आहे. सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकातून सुटणारी गाडी साधारण अर्ध्या तासात एम्पोलीला पोहोचवते. तेथून चित्रकार लिओनार्दो दा विंचीचे हे गाव जेमतेम दहा-अकरा किलोमीटर उरते, पण आमचा अर्धा दिवस खाल्ला तो याच अंतराने.

बसची वेळ तिकीट खिडकीवर विचारली, तेव्हा आतल्या गृहस्थांनी मोबाइलवरची नजर न उचलता एक वेळ सांगितली, तिकिटे काचेखालून सरकवली आणि बाहेरच्या थांब्याकडे बोट दाखवले. ती वेळ टळून गेली, ऊन डोक्यावर आले, तरी बसचा पत्ता नाही. जाब विचारायला परतलो तर खिडकीवर पडदा ओढलेला. आपल्या एसटी स्थानकातला चौकशीवाला वसकन अंगावर येतो खरा, पण निदान गाडी रद्द झाल्याचे तरी सांगतो. थांब्यावरचे वेळापत्रक उन्हाने पिवळे पडले होते. त्यात काही वेळांपुढे एकेक अक्षर आणि त्यांचे खुलासे पार तळाशी, मुंगीएवढ्या टाइपात. अखेर भाजीची पिशवी घेऊन आलेल्या एका आजींनी त्यातल्या एका अक्षरावर नख टेकवून, हातवारे करत समजावले की ही गाडी शाळा सुरू असतानाच धावते. महिना ऑगस्टचा होता आणि तिकडच्या शाळा सप्टेंबरच्या मध्याशिवाय उघडत नाहीत. हे खिडकीतल्या गृहस्थांना ठाऊक नसेल, यावर माझा आजही विश्वास बसत नाही. टॅक्सीचा थांबाही रिकामाच होता.

म्हणून खिडकीवर नुसती वेळ विचारू नये. तारीख दाखवून ही गाडी आज आहे का, असे विचारावे आणि शक्यतो रविवार टाळावा. परतीचे बसतिकीटही तेथेच घ्यावे, कारण विंचीतली दुकाने दुपारी बंद असतात.

गाव मात्र निवांत आहे. काउंट ग्विदींच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात लिओनार्दोच्या यंत्रांच्या प्रतिकृती आहेत, आणि किल्ल्याच्या बुरुजावरून मोन्तालबानो टेकड्यांच्या उतारावरचे ऑलिव्हचे मळे दिसतात. लिओनार्दोचा जन्म 15 एप्रिल 1452 चा. जन्मघर म्हणून दाखवतात ते आंकियानोतले दगडी घर तेथून सुमारे तीन किलोमीटरवर, चढावर आहे. वाट ऑलिव्हच्या मळ्यांमधून जाते, पण उरलेल्या वेळात संग्रहालय आणि ते घर यांपैकी एकच जमणार होते, म्हणून घर राहिले. ते पाहायचे असेल तर फ्लॉरेन्सहून सकाळची पहिली गाडी पकडावी.

आणखी एक सांगायचे राहिले. रेल्वेचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवल्याशिवाय डब्यात चढू नये. न धावणाऱ्या बसची वेळ सांगितल्याबद्दल तेथे कोणाला दंड होत नाही; बिनशिक्क्याच्या तिकिटाबद्दल प्रवाशाला मात्र होतो.