पाल सुटते कशी?

पाल छताला चिकटते कशी, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. ती सुटते कशी, हा फारसा कुणाला पडत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. चिकटायला काय, डिंकही चिकटतो. पण चिकटायचं, डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटायचं, पुढच्या पावलाला पुन्हा चिकटायचं, तेही पाठ जमिनीकडे करून, आणि त्याच भरात पतंगावर झडप घालायची, हे अजून कुठल्या डिंकाला जमलेलं नाही.

पाल बघायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे खिडकीची काच. रात्री खोलीतल्या उजेडावर किडे येतात आणि किड्यांमागोमाग पाल काचेच्या बाहेरच्या अंगाला येऊन बसते. आपण आत, ती बाहेर, त्यामुळे किळस वाटणाऱ्यांचीही सोय. टॉर्च सरळ न मारता बाजूने तिरका धरा. पोटाची कातडी इतकी पातळ असते की मादी गाभण असेल तर आतली दोन पांढरी अंडी चक्क मोजता येतात. पण नजर बोटांवर ठेवा. प्रत्येक बोट टोकाकडे रुंद झालेलं असतं आणि त्याच्या तळाला आडव्या पट्ट्यांच्या दोन रांगा असतात. नखं त्या गादीच्या वरून बाहेर आलेली दिसतात. काचेवर त्यांचा काही उपयोग नाही. सरड्याकडे नुसती नखं आहेत, म्हणून तो झाडावर झपाझप चढतो आणि काचेवर घसरतो.

डोळ्यांना दिसतं ते एवढंच. पुढचं काम सूक्ष्मदर्शकाचं. त्या पट्ट्यांवर केस असतात, नखं-केस ज्याचे बनतात त्याच कुळातल्या प्रथिनाचे, केराटिनचे. टोके गेको ही पालीची धिप्पाड, ठिपकेदार नातेवाईक. तिच्या एकेका पावलावर असे सुमारे पाच लाख केस असतात. एका केसाची लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, आणि जाडी आपल्या डोक्यावरच्या केसाच्या दहाव्या भागाहूनही कमी. हेही पुरेसं नसल्यासारखा प्रत्येक केस टोकाला शेकडो फाट्यांमध्ये फुटतो आणि प्रत्येक फाट्याच्या शेवटी एक चपटं पातं असतं, सुमारे ०.२ मायक्रोमीटर रुंद (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गुळगुळीत दिसणारी काच किंवा भिंत या मापात खडबडीतच असते. हाताचा तळवा तिला मोजक्या उंचवट्यांवरच टेकतो. ही पाती मात्र खाचाखोचांत शिरून तिच्या अगदी अंगाला भिडतात.

इतकं जवळ गेलं की व्हॅन डर वाल्स बल जागं होतं. कुठल्याही दोन पदार्थांच्या रेणूंमध्ये असणारं हे किरकोळ आकर्षण, नेहमीच्या अंतरांवर दखल घेण्याच्याही लायकीचं नसलेलं. त्याआधीचे तर्क एकेक करून बाद झाले होते. पाय हवा शोषून चिकटत असतील म्हणावं, तर पकड निर्वात जागेतही टिकते. डिंक म्हणावा, तर पायाला ग्रंथीच नाहीत. स्थिर विद्युत असेल म्हणून १९३४ साली क्ष-किरणांनी भोवतालची हवा आयनित, म्हणजे विद्युतभार वाहून नेणारी, करून पाहिली, तरी पाल जागची हलली नाही. २००० साली जीवशास्त्रज्ञ केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच केस सुटा करून त्याची ताकद मोजली, ती भरली सुमारे २०० मायक्रोन्यूटन. म्हणजे एका केसावर एक मुंगी तोलली जाईल. दोन वर्षांनी त्याच गटाने दाखवलं की पाणी ओढून घेणाऱ्या आणि पाणी झटकणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या पृष्ठभागांवर केस जवळपास सारखेच चिकटतात. म्हणजे पाण्याच्या पातळ थराने चिकटण्याचा तर्कही मागे पडला. टोके गेकोचं वजन ५० ग्रॅमच्या आसपास. तिचे पुढचे दोनच पाय सुमारे २० न्यूटन, म्हणजे दोन किलोचं ओझं पेलतात. चाळीसपट! इतकी राखीव ताकद कशाला, असा हिशेबी प्रश्न पडतो. पण अर्धी पावलं धुळीत, एक बोट हवेत आणि मागे मांजर, अशा वेळी ती जास्त नसावी.

आता सुटण्याकडे. केस नुसता टेकवला तर चिकटतच नाही. आधी हलका दाब द्यावा लागतो, मग मायक्रोमीटरच्या हिशेबात जराशी मागे ओढ. तेव्हा पाती पृष्ठभागावर आडवी होतात आणि पकड बसते. ओढ आहे तोवर पकड आहे. केस आणि पृष्ठभाग यांच्यातला कोन ३० अंशांच्या पुढे गेला की केस आपोआप सुटतो, जोर लावावाच लागत नाही. म्हणून पाल पाऊल सरळ उचलत नाही. बोटं टोकाकडून वरच्या दिशेने, आपल्याला उलटी वाटतील अशी वळवत नेते. चिकटपट्टी कोपऱ्यातून सोलावी तसं. सगळे केस एकदम न ओढता रांगेरांगेने सुटतात. काचेवर पाल सावकाश सरकत असेल तर हे वळणं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पळत असेल तर विसरा.

पकड अशी एकाच दिशेची असल्याने एक अडचण उभी राहते. डोकं वर करून बसलेल्या पालीचं वजन बोटांना बरोबर हव्या त्या दिशेने ओढतं. डोकं खाली केलं की तेच वजन बोटं सोडवायला लागेल. मग ती काय करते? मागची पावलं फिरवते. डोकं खाली करून भिंतीवर बसलेली पाल दिसली तर मागचे पाय बघा, बोटं शेपटीच्या बाजूला, म्हणजे वर रोखलेली असतील. ॲरिस्टॉटलने सुतारपक्षी खोडावर डोकं खाली करूनही पळतो हे सांगताना पालीचा दाखला दिला होता; तिच्या मागच्या पायांचं हे गणित मात्र सुटायला पुढे दोन हजारांहून जास्त वर्षं गेली.

एवढी यंत्रणा असून पाल पडते, आणि बहुतेक वेळा त्याला कारण असतं. भुकटी सुटणाऱ्या भिंतीवर केस भिंतीला न चिकटता भुकटीला चिकटतात. तशी ही पावलं स्वतःला साफ करतात; धुळीने माखलेल्या पायांनी चार पावलं चालली की पुन्हा अंगाचं वजन पेलण्याइतकी पकड येते, पण चालायला साफ जागा मिळाली तर. काच पाण्याने भिजलेली असली की पकड पार ढिली पडते. कात टाकण्याचे दिवसही वाईट. केस झिजतात आणि कातेबरोबर नवे येतात, पण हवा फार कोरडी असली तर जुनी कात बोटांवर अडकून बसते, आवळते आणि कधी बोटच गळतं. टेफ्लॉनची तर वेगळीच तऱ्हा. कोरड्या टेफ्लॉनवर पाल घसरते, पण तोच टेफ्लॉन पाण्यात बुडवला तर चिकटते. काचेच्या अगदी उलट. मेलेली पालही तितक्याच जोराने चिकटून राहते, हे २०१४ साली मोजून झालं आहे. म्हणजे एकदा पकड बसली की चिकटून राहण्यासाठी पालीला काहीच करावं लागत नाही. मेहनत आहे ती सुटण्याची.

शेपटीचं तंत्रही सुटण्याचंच. शेपटीच्या मणक्यांमध्ये मधोमध आधीच कमकुवत रेघ असते. पाल स्नायू आवळून तिथे मणका मोडते. दोन मणक्यांमधला सांधा निखळत नाही, मणकाच दुभंगतो. रक्तवाहिन्या लगेच आवळल्या जातात, म्हणून जमिनीवर रक्त जवळपास दिसत नाही. तुटलेला तुकडा आपल्याच मज्जारज्जूच्या जोरावर वळवळत राहतो आणि शत्रू त्याच्या नादी लागतो. नवी शेपूट येते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेची एक नळी असते. ती बहुधा जास्त गुळगुळीत दिसते, मूळच्या शेपटीवरचे बारीक उंचवटे तिच्यावर नसतात. शेपटीत चरबीचा साठा असतो, तेव्हा हा सौदा स्वस्त नाही. गंमत म्हणून पालीची शेपूट तोडायला लावणं हे तिची शिल्लक लुटण्यासारखंच.

पाल विषारी नसते. पण तिच्या आतड्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, म्हणून ती पडलेलं अन्न टाकून द्यावं, त्यात वाद नको. काळ्या लेंडीच्या टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची, तो ठिपका म्हणजे युरिक ॲसिड. उंदराच्या लेंडीला तो नसतो. विनाकारण उंदीर शोधण्याचे कष्ट वाचतात.

ती खोलीत नकोच असेल तर आतला दिवा बंद, बाहेरचा चालू, खिडकी उघडी. घाई असेल तर रुंद तोंडाची पारदर्शक बरणी तिच्यावर हळूच टेकवावी आणि भिंत व बरणीच्या मधून जाड कागद सरकवावा, डोक्याच्या बाजूने, शेपटी शेवटी. खाली ओढू नये. डोकं वर असलेल्या पालीला खाली ओढलं की केसांना हवी तीच ओढ मिळते आणि पकड आणखी घट्ट होते. झाडूचा उपयोग फक्त शेपटी गमवायला लावण्यापुरता.

आणि उंदरांसाठी ठेवलेल्या ग्लू पॅडवर पाल अडकली तर? इथे तिचं काहीच चालत नाही, कारण बोटं सोलून काढता येतात, पण पोट, हनुवटी आणि शेपटी नाही. खायचं तेल कापसाच्या बोळ्याने किंवा इअरबडने अंगाच्या कडेकडेने सोडावं, नाकपुड्या टाळून. चार-पाच मिनिटं थांबावं. मग हनुवटीपासून सुरुवात करून थोडं थोडं मोकळं करत जावं, लागेल तसं तेल वाढवावं, शेपटीला सगळ्यात शेवटी हात लावावा. सुटल्यावर तिला टिपकागदावर चालू द्यावं म्हणजे पायांचं तेल उतरेल, आणि उरलेला पॅड घडी घालून टाकून द्यावा. तिला लगेच भिंतीवर ठेवू नये. तेलकट पायांनी ती खाली येईल. झाडाच्या बुंध्याशी, सावलीत सोडावं. खोडावर नखं कामी येतात.