भुऱ्याची नखं आणि केसपेपर

"हो, पक्षी बघतात. घेऊन या." फोनवर इतकं सरळ उत्तर मिळालं म्हणून मी भुऱ्याचा पिंजरा स्कूटीवर पायाशी ठेवून साताऱ्यातल्या एका खासगी दवाखान्यात गेले. भुऱ्या म्हणजे आमचा कॉकाटील, पोपटाच्याच कुळातला छोटा तुरेवाला पक्षी. अंग राखाडी, गालावर नारिंगी ठिपका. नखं इतकी वाढली होती की खांद्यावरून उडायला गेला की माझ्या ओढणीत अडकायचा आणि एका बोटावर उलटा लोंबकळायचा. एखाद दिवशी बोटच उपटून निघेल ही धास्ती होती. खरं तर पाच मिनिटांचं काम. पण त्या सकाळचा राग अजून गेलेला नाही.

केसपेपरचे पैसे आधी घेतले. मग बाकावर बसा. एप्रिलचा उकाडा, डावीकडे लॅब्रॅडोर, उजवीकडे साखळी ताणणारा अल्सेशियन. पिंजऱ्यावर मी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला होता, पण कुत्र्याच्या नाकाला लुगडं काय अडवणार? प्रत्येक येणारा कुत्रा आधी आमच्या पिंजऱ्याला हुंगून मग पुढे जात होता. भुऱ्याने तुरा डोक्याला चिकटवला होता आणि तो फुत्कारत होता. कॉकाटीलचा तुरा असा सपाट झाला आणि फिस्स आवाज आला की तो पुरता घाबरलाय असं समजायचं. मी काउंटरवर जाऊन विचारलं, बाहेर झाडाखाली थांबते, नंबर आला की हाक माराल का? "नंबर गेला तर परत शेवटी लागेल, मॅडम." बसले पुन्हा.

आमच्या मागून आलेला एक पग आत गेला. त्याला म्हणे इमर्जन्सी होती. बाहेर आला तेव्हा मालकाच्या हातात लसीचं कार्ड होतं. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं असं वाटत नाही, तिथे कुणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीतच नव्हतं.

शेवटी आत गेलो. डॉक्टरांनी लुगडं वर केलं आणि पहिला प्रश्न, "पोपट ना? पोपट पाळायला बंदी आहे, माहितीये ना?"

बंदी आहे, ती आपल्याकडच्या पोपटांना. गळ्यात कंठ असलेला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, तो पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे आणि असायलाच हवा. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा, इथल्या रानातून कुणी पकडून आणलेला नसतो. हे सगळं मी प्राण्यांच्या डॉक्टरांना समजावून सांगितलं. "असं होय," म्हणाले, आणि मदतनीसाकडे वळून, "धर रे."

तो पोरगा दार उघडून मोकळ्या हाताने आत शिरला. डोक्यावर पंखा गरगर फिरतोय. दोनतीन झडपांनंतर त्याने भुऱ्याला छातीवरून मुठीत आवळलं. भुऱ्याची चोच उघडी पडली. मी जवळजवळ ओरडलेच, सोडा त्याला.

"ताई, मग आम्ही काम कसं करायचं?" डॉक्टर वैतागले. आणि लगेच, "तसं आम्ही असले पक्षी बघत नाही. पुण्याला न्या."

"फोनवर तर हो म्हणालात."

"पक्षी म्हटल्यावर आम्हाला कोंबड्या वाटतात ना."

केसपेपरचे पैसे परत मिळाले नाहीत. तपासणी झाली होती ना.

तेव्हा तुम्ही फोन कराल तेव्हा नुसतं 'पक्षी बघता का' विचारू नका. पक्ष्याचं नाव घ्या, नखं कापायचीत सांगा, आणि ती कापणारा माणूस आज हजर आहे का ते विचारा. शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पण साताऱ्याहून ते साठेक किलोमीटर, वाटेत खंबाटकीचा घाट. पक्षी आजारी असेल तर तेवढं जरूर करावं. नखांसाठी माझं मन होईना.

मग मावसभावाने त्याच्या ओळखीच्या एका पशुधन विकास अधिकाऱ्यांना, म्हणजे सरकारी गुरांच्या डॉक्टरांना, फोन लावून दिला. आयुष्य गाई-म्हशींत गेलेला माणूस, पण बोलणं स्पष्ट. म्हणाले, "घरी होतं हे. धरायला शिका, कापण्यात काही नाही." त्यांनी सांगितलेली एकच गोष्ट ऐकून त्या मुठीची आठवण आली आणि अंगावर काटा आला. आपल्या छाती आणि पोटाच्या मध्ये श्वासाचा पडदा असतो, पक्ष्याला तो नसतो. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच त्याच्या आत हवा जाते. म्हणजे छाती आवळली की नाक-चोच मोकळी असूनही तो गुदमरतो.

आमच्याकडे धरायचं काम माझं आणि कापायचं ह्यांचं. पातळ नॅपकिन पाठीमागून टाकायचा. अंगठा आणि पहिलं बोट चोचीखाली जबड्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे मान वळवून चावता येत नाही. बाकीची बोटं पंखांवरून सैल, छातीवर काहीही नाही. चोच उघडून धापा टाकायला लागला तर सोडून द्यायचं, उरलेली नखं उद्या. एका बैठकीत आठही झाली पाहिजेत असा नियम नाही.

हो, आणि पंखा. आधी पंखा बंद, खिडक्या बंद, स्वयंपाकघराचं दार बंद. हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं.

कापायला तान्ह्या बाळाचं नेलकटर पुरतं. ह्यांनी एका हाताने ते एकच बोट नखाच्या अगदी जवळ पकडायचं. पाय ओढायचा नाही, काडीएवढं हाड असतं ते. नखाच्या आत शीर असते. फिक्या नखात ती गुलाबी दिसते, भुऱ्याची नखं काळपट, त्यामुळे काही दिसत नाही. म्हणून फक्त आकड्यासारखं वळलेलं टोक, मिलिमीटरभर, तेवढंच उडवायचं. मोबाइलचा टॉर्च नखाच्या खालून मारला तर कधी कधी शिरेची सावली दिसते. एकदम आखूड करायचा मोह होतो, करू नका. दर थोड्या दिवसांनी टोक काढत राहिलं की आतली शीरही हळूहळू मागे सरकते. कापून झाल्यावर कानशीने धार मोडायची, नाहीतर खांद्यावर ओरखडे उठतात.

रक्त आलं तर? तयारी कटर हातात घ्यायच्या आधी झालेली असावी. आमच्या पाटावर वाटीत कॉर्नफ्लॉवर आणि कुटलेली तुरटी असते, दाढीनंतर लावतात तीच. नखाच्या टोकावर चिमूटभर दाबून धरायची, थांबतं. रक्त थांबवायची तयार पावडरही मिळते, मी पोवई नाक्याकडच्या दुकानांत विचारत फिरले, सगळीकडे "मागवून देतो". अजून मागवतायत. पण ह्याला हलक्यात घेऊ नका. कॉकाटीलचं वजन ८० ते १०० ग्रॅम, त्यातलं रक्त साधारण दहावा हिस्सा, म्हणजे चहाचे दोन चमचे. चारदोन थेंबांनी काही होत नाही, पण दाबूनही वाहत राहिलं तर उठून डॉक्टर गाठायचा, मग तो शिरवळचा का असेना.

सासूबाईंचा या सगळ्याला विरोध होता. पाखराची नखं कापू नयेत म्हणे. मग एक दिवस भुऱ्या त्यांच्या पदरात अडकला, तेव्हापासून नॅपकिन त्याच आणून देतात.

चोचीला मात्र आम्ही हात लावत नाही. नखं आणि चोच दोन्ही एकदम भराभर वाढायला लागली तर ते यकृताच्या दुखण्याचं लक्षण असू शकतं, तिथे नेलकटरचा उपयोग नाही. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पक्ष्यांना तर जास्तच जपायचं.

आणि मुळात नखं एवढी वाढली का, तर पिंजऱ्यासोबत आलेल्या त्या गुळगुळीत, एकाच जाडीच्या दांड्यांमुळे. त्यावर काही घासलंच जात नाही. सँडपेपर गुंडाळायचा सल्ला दुकानदार देतात, तो घेऊ नका, तळवे सोलवटतात. गोडोलीत माहेरच्या परसातल्या पेरूच्या फांद्या आणल्या, औषध न फवारलेल्या, एक बोटाएवढी जाड, एक अंगठ्याएवढी, सालीसकट. साल तो दिवसभर सोलत बसतो, केर मी काढते. पण आता पुढच्या लांब बोटांचीच टोकं काढावी लागतात, मागच्यांना क्वचित.