तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्टातलं एचबीएफ कुणाचं?

नागपुरात लॅबमध्ये काम करून मला बावीस वर्षं झाली. नातेवाइकांच्या लेखी मी अर्धी डॉक्टर, त्यामुळे रिपोर्टांचे फोटो व्हॉट्सॲपवर येतच असतात. त्यात दर महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या गरोदर बाईचा हा प्रश्न असतोच: "रिपोर्टात एचबीएफ वाढलंय. गूगलवर बघितलं तर ते गर्भाचं हिमोग्लोबिन म्हणे. म्हणजे बाळाचं रक्त माझ्यात उतरलंय का?"

गेल्या वर्षी माझ्या भाचेसुनेनेही हेच विचारलं, फक्त रात्री साडेअकराला. सोळावा आठवडा होता. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजायच्या तपासणीत एचबीएफ 2.4 टक्के, आणि शेजारी छापील मर्यादा "1 पेक्षा कमी". त्यामुळे आकडा ठळक लाल. खाली कुणीतरी "थॅलेसेमिया मायनर?" असं प्रश्नचिन्हासकट टाकून ठेवलेलं, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक असल्याचा संशय. लॅब कुठली ते सांगत नाही. पण पुढे एक ओळ न लिहिता नुसतं प्रश्नचिन्ह घरी पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पोरगी चार रात्री झोपली नव्हती.

मी तिला म्हटलं, "उठून कागद-पेन घे. हिशेब करू."

तुझ्या अंगात साडेचार लीटर रक्त धर. त्याचे दोन टक्के म्हणजे नव्वद मिली. सोळाव्या आठवड्यातलं बाळ असतं शंभर-सव्वाशे ग्रॅमचं. त्याचं सगळंच्या सगळं रक्त काढलं तरी वीस मिली भरायचं नाही. मग हे नव्वद मिली आणलं कुणी?

तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग, "म्हणजे माझंच?"

तुझंच गं बाई.

आता जरा सविस्तर. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात. मोठ्या माणसात दोन अल्फा, दोन बीटा. पोटातल्या बाळात बीटाच्या जागी गॅमा, आणि तेच एचबीएफ. त्याची ऑक्सिजनवरची पकड आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट असते, म्हणून वारेतून बाळाला आईकडचा ऑक्सिजन ओढून घेता येतो. जन्मानंतर गॅमाचं काम मंदावत जातं, बीटा जागा घेतो. पण गॅमाचं जनुक कुठे जात नाही. अकराव्या गुणसूत्रावर ते जन्मभर पडून असतं आणि थोड्याशा पेशींत थोडं थोडं एचबीएफ बनत राहतं. म्हणून तुमच्या-माझ्या, अगदी पुरुषांच्याही रक्तात ते सापडतं, बहुतेकदा एक टक्क्याच्या आत.

गरोदरपणात तांबड्या पेशी जास्त लागतात, अस्थिमज्जेची घाई उडते. लग्नघरी पंगत वाढली की आचारी माळ्यावरची जुनी भांडीसुद्धा खाली काढतो, तसं काहीसं होतं. वारेतून येणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाशीही याचा संबंध दिसतो. सगळ्याच जणींचं वाढतं असं नाही. ज्यांचं वाढतं त्यांचं पहिल्या काही महिन्यांत थोडं वर जातं आणि नंतर आपसूक उतरतं. ब्रिटनमध्ये पेंब्री, वेदरॉल आणि क्लेग यांनी 1973 साली हे एचबीएफ आईच स्वतः बनवते असं मांडलं. त्याहून मला पटणारा पुरावा म्हणजे द्राक्षगर्भ, एक बिघडलेली गर्भधारणा. त्यात वार वाढते, एचसीजी चढतं, पण पूर्ण द्राक्षगर्भात बाळ नसतंच. तरी त्या बाईच्या रक्तात एचबीएफ वाढलेलं सापडतं.

बाळाचं रक्त आईत कधीच जात नाही, असं मात्र नाही. थेंब-दोन थेंब जातं. बाळंतपणात, पोटावर मार बसल्यावर कधी जास्तही. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर ते मोजावं लागतं, कारण तिचं शरीर बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनवू शकतं. त्यासाठी क्लायहॉवर आणि बेटके यांची 1957 सालची पद्धत आहे आणि ती मला अजून आवडते. रक्ताची काच आम्लात बुडवायची. आईच्या पेशींतलं हिमोग्लोबिन निघून जातं, एचबीएफ आम्लाला दाद देत नाही. मग रंग द्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडे फिकट, पोकळ कडी, धुतलेल्या बांगड्यांसारखी, आणि मध्येच एखादी गच्च गुलाबी पेशी. ती बाळाची. अशा पेशी 0.6 टक्के भरल्या तर साधारण तीस मिली रक्त आत आलंय असं धरतात, आणि तेवढ्याला ती प्रतिपिंडं बनू न देणाऱ्या अँटी-डीचं 300 मायक्रोग्रॅमचं एक इंजेक्शन पुरतं. घोळ होतो तो आईच्या स्वतःच्या एचबीएफवाल्या पेशींमुळे. त्या ना फिकट, ना गुलाबी, मधल्याच. पहिल्या वर्षी मी त्याही बाळाच्या म्हणून मोजल्या होत्या. आमच्या मॅडमनी काच परत लावायला लावली आणि स्वतः शेजारी स्टूल घेऊन बसल्या.

परत त्या लाल आकड्याकडे. थॅलेसेमिया मायनर ओळखायला आधी ए-टू हा हिमोग्लोबिनचा आणखी एक प्रकार बघायचा, एचबीएफ नाही. भाचेसुनेचं ए-टू 2.7 टक्के, आणि एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान, 84, म्हणजे ठीक. साडेतीनच्या पुढे ए-टू आणि पेशी बारीक, असं असतं तर मीच तिला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे पिटाळलं असतं. लोह फार कमी असलं तर ए-टू खोटं खाली दिसू शकतं, म्हणून तेही बघितलं. ठीक होतं. एचबीएफ दहा-वीस टक्के आलं तर गोष्ट वेगळी. ते नुसत्या गरोदरपणाचं नसतं. आमच्या विदर्भात सिकलसेलच्या बायकांत असे आकडे दिसतात, आणि तिथे ते चांगलं. एचबीएफ जास्त असेल तर पेशी विळ्यासारख्या वाकायला अडचण होते. हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी त्यासाठीच देतात. मात्र मूल हवं असेल तर ती आधीच डॉक्टरांशी बोलून थांबवावी लागते.

"आणि नवऱ्याची तपासणी?" मी विचारलं.

"त्यांची कशाला, मावशी?"

हे मला दर वेळी ऐकावं लागतं. बाईच्या तीन-तीन तपासण्या होतात, नवरा मात्र बाहेर मोटारसायकलवर बसलेला. भाच्याला मीच लॅबमध्ये बोलावलं. तो सिकलसेलचा वाहक निघाला, एएस, म्हणजे एक जनुक नेहमीचं आणि एक सिकलचं. बत्तीस वर्षांत कुणाला पत्ता नव्हता. बायकोत सिकल नाही, थॅलेसेमियाही नाही. त्यामुळे बाळाला आजार होणार नव्हता, फार तर ते बापासारखं वाहक निघालं असतं. माझ्या बहिणीला हे पचायला वेळ लागला. सुनेच्या लाल आकड्यावर तिचं बरंच काही बोलून झालं होतं.

बाळंतपणानंतर चार महिन्यांनी भाचेसुनेचं एचबीएफ 0.6 आलं. पण त्याआधी, मुलगी झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, बापाचं कळलेलं असल्यामुळे बाळाचीही तपासणी झाली होती. सिकल नाही. फोटो मात्र रात्रीच आला. तोच छापील तक्ता, तीच "1 पेक्षा कमी" मर्यादा, आणि शेजारी ठळक लाल 72. खाली भाचेसुनेने लिहिलं होतं, "मावशी, हे तरी बाळाचंच ना?"