एक ते बावीस

मी महसूल खात्यात कारकून. लोकसभा-विधानसभेच्या मतमोजणीला बरेचदा बसलोय. तिथे यंत्राचं बटण दाबलं की आकडा समोर. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची मोजणी मात्र सकाळी आठला सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी संपली नव्हती.

पहिले कित्येक तास नुसतं वैध-अवैध. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच मतपत्रिकेवर नावांसमोर पसंतीचे आकडे घालायचे: पहिल्या पसंतीला १, दुसरीला २, असे. बरोबरची खूण केली, बाद. 'एक' असं अक्षरात लिहिलं, बाद. सही केली, बाद. सगळे पदवीधर, आणि तरी तो गठ्ठा वाढत चालला होता. प्रत्येक कागद तिकडे टाकताना माझ्या जिवाला लागत होतं.

मग कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, ठरला: वैध मतांच्या निम्मे अधिक एक. वैध मतं ४०,००० असतील तर २०,००१. तिथवर कोणीच पोचलं नाही आणि बाद फेऱ्या सुरू झाल्या. सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद, त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघायची, ज्याचं नाव त्याच्या कप्प्यात टाकायची.

रात्री अकराच्या सुमारास एक मतपत्रिका हातात आली. बावीस उमेदवार, आणि बावीसही नावांसमोर वळणदार देवनागरी आकडे. दोन तासांनी तीच पुन्हा माझ्या टेबलावर. तिसऱ्यांदा आली तेव्हा शेजारच्या तलाठी भाऊसाहेबांना दाखवली. ते म्हणाले, "ह्यानं घरून पाठ करून आणलं असणार."

बाकी बहुतेकांवर नुसता १. 'फक्त एक लिहा, दुसरं काही नको' असं प्रचारातच सांगितलेलं असतं. तो उमेदवार बाद झाला की ती मतपत्रिका तिथेच थांबते. मला याचा राग येतो. लोकसभेला दुसरी पसंती लिहायची सोयच नाही. २०१४ साली बसपाला देशभरात चार टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि जागा एकही नाही. भाजपला ३१ टक्क्यांत २८२. इथे सोय आहे, आणि मतदाराला ती वापरू नको म्हणून सांगतात!

शेवटी दोघं उरले. थांबलेल्या मतपत्रिका इतक्या, की जिंकणाराही कोट्याच्या खालीच राहिला. बावीस आकड्यांची ती मतपत्रिका हरलेल्याच्या गठ्ठ्यात होती. सुतळी बांधण्याआधी मी ती सरळ केली, एक कोपरा दुमडला होता.